दोष हिमोग्लोबिनचा, हानी सांगाड्याची

मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यातले बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. एका अंगाला कारखाने, भोवती संत्र्याच्या बागा, घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि दुखणे बळावले की नागपूरची वाट, असा हा मुलूख. २०२३ साली छिंदवाड्यातून सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. पण १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा सगळा भाग ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूरच होती. सीमा आखली गेली तरी दोन्ही बाजूंच्या घरांना एक आजार सामाईक राहिला. त्याला इकडेही सिकलसेल म्हणतात आणि तिकडेही. १९५२ साली लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींमध्ये भारतातल्या सिकलसेलची नोंद केली आणि १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या वाहकांबद्दल लिहिले. आज विदर्भात आणि सातपुड्याच्या पायथ्याला सोयरीक जुळवताना ‘रिपोर्ट एएस आहे का?’, म्हणजे आजाराचे एक जनुक घेऊन फिरणारा वाहक आहे का, हा प्रश्न विचारणारी घरे आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असा तिचा संकल्प आहे. एवढी मोठी मोहीम ज्या आजारासाठी उभी राहिली आहे, तो आजार पेशीच्या आत नेमका काय करतो हे मात्र आपल्याला अर्धेच सांगितले जाते, आणि उरलेले अर्धे कामाचे आहे असे मला वाटते.

सांगितले जाते ते असे. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू वाहून नेते. या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये त्यांतले सहावे बदलते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली या आजाराला रेणूचा आजार म्हटले आणि काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका कोणता घटक बदलतो ते दाखवून दिले. बदललेल्या हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ धागे बनतात आणि एरवी वाटोळी असलेली पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे ठणकतात, प्लीहा निकामी होते, रक्त कमी पडते. यातला शब्दन् शब्द खरा आहे. विज्ञानाच्या इतिहासात एखाद्या आजाराचा माग इतक्या खोलवर लागण्याची ही पहिली वेळ, त्यामुळे तिचे कौतुक रास्तच आहे. पण या यशाचा एक परिणाम असा झाला की सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिन, बात संपली, असा समज पक्का झाला. हिमोग्लोबिन ज्या पेशीत असते त्या पेशीच्या सांगाड्याकडे, म्हणजे ॲक्टिन नावाच्या प्रथिनाकडे आणि त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या गोतावळ्याकडे, वाचकाचे लक्ष कुणी वेधलेच नाही. माझे म्हणणे असे की दोष हिमोग्लोबिनमध्ये सुरू होतो हे मान्य करूनही, पेशीचा नाश कसा होतो हे त्या सांगाड्याशिवाय उमजत नाही. शिवाय हा आजार आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या टिकला कसा, याचे उत्तरही काही प्रमाणात तिथेच सापडते.

याचा पहिला पुरावा साध्या काचपट्टीवर दिसतो. रक्ताचा थेंब सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात मिसळायचा, वर पातळ काच ठेवून कडा बंद करायच्या आणि थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. ही जुनी चाचणी. द्रावण प्राणवायू काढून घेते. सिकलसेलच्या रक्तातल्या वाटोळ्या पेशी हळूहळू कोपरे काढू लागतात, लांबतात, काही विळ्यासारख्या, काही पानासारख्या होतात. अशाच पेशी बंद काचेऐवजी नळीत घेऊन त्यांना पुन्हा प्राणवायू दिला की हिमोग्लोबिनचे धागे विरघळतात आणि बहुतेक पेशी पूर्ववत वाटोळ्या होतात. बहुतेक, सगळ्या नव्हे. एसएस, म्हणजे दोन्ही जनुकांत दोष असलेल्या, रुग्णाच्या रक्तात भरपूर प्राणवायू असतानाही वाकड्याच राहणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या आतले हिमोग्लोबिन आता पातळ आहे, धागा एकही उरलेला नाही, तरी आकार सरळ होत नाही. मग तो आकार कोणी धरून ठेवला? सत्तरच्या दशकात या प्रश्नाचा पाठपुरावा झाला. पेशी फोडून त्यांतले हिमोग्लोबिन धुऊन टाकले, तरी रिकामे पेशीपटल वाकडेच राहिले. १९७६ साली बोस्टनच्या सॅम्युअल लक्स आणि सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकले. साबणासारख्या रसायनाने त्यांनी पटलातली चरबीही काढून टाकली. मागे उरली ती फक्त प्रथिनांची जाळी, आणि तीही विळ्याच्याच आकाराची होती. ज्याच्यावर सगळा ठपका ठेवला होता ते हिमोग्लोबिन बाहेर गेल्यावरही वाकडेपणा शिल्लक राहतो, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही.

ही जाळी काय आहे ते समजून घ्यायचे तर आधी ॲक्टिनकडे वळायला हवे. १९४२ साली हंगेरीतल्या सेगेद शहरात, आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत, ब्रुनो श्ट्राउब यांनी ते स्नायूतून वेगळे केले. पुढे कळले की ॲक्टिन फक्त स्नायूत नसून केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे, आणि यीस्टपासून माणसापर्यंत त्याची घडण फारशी बदललेली नाही. ३७५ अमिनो आम्लांचा हा गोळा एकटा असला तर काहीच करत नाही. असे गोळे एकापुढे एक लागले की सुमारे सात नॅनोमीटर जाडीचा पिळदार तंतू होतो. तंतूची दोन टोके सारखी नसतात. एका टोकाला नवे गोळे झपाट्याने जोडले जातात, दुसऱ्या टोकाला ते सावकाश जोडले जातात किंवा सुटतात. पण तंतू किती लांब व्हायचा, कुठे थांबायचा, कशाला बांधला जायचा, यातले काहीच ॲक्टिन स्वतः ठरवत नाही. लग्नाच्या मांडवाला बांबू लागतात, पण मांडव वाऱ्यात उभा राहतो तो गाठींच्या आणि आडव्या बांधणीच्या जोरावर; तेच बांबू अंगणात रचून ठेवले तर ढीग होतो. पेशीत ही बांधणी करणारी प्रथिने दीडशेहून जास्त आहेत आणि त्यांची कामे निरनिराळी आहेत. प्रोफिलिन आणि थायमोसिन सुट्या गोळ्यांचा साठा सांभाळतात. फॉर्मिन नवा तंतू सुरू करते, तर एआरपी २/३ हा संच जुन्या तंतूला फांदी फोडतो. टोके बंद करणारी प्रथिने वेगळी, कोफिलिन आणि जेल्सोलिनसारखी तंतू तोडणारी वेगळी. अल्फा-ॲक्टिनिन तंतूंच्या जुड्या बांधते, फिलॅमिन त्यांना आडवेतिडवे जोडते, आणि मायोसिन त्यांच्यावर चालते, ज्यामुळे आपला हात हलतो. पांढरी पेशी जंतूचा पाठलाग करते, जखमेच्या कडा जवळ येतात, एका पेशीच्या दोन होतात, या सगळ्यामागे ॲक्टिन एकच असते. फरक पडतो तो त्याला धरणाऱ्यांमुळे.

तांबडी पेशी या गोतावळ्याचे सगळ्यात नेटके रूप आहे, आणि सगळ्यात कठोर परीक्षाही तिचीच. तिला केंद्रक नाही, त्यामुळे नवे प्रथिन घडवता येत नाही; जन्माच्या वेळी मिळालेल्या सांगाड्यावर सुमारे १२० दिवस काढायचे. तिचा व्यास सात ते आठ मायक्रॉन, आणि ज्या केशवाहिन्यांतून जायचे त्यांतल्या कित्येक तिच्याहून अरुंद. प्लीहेत तर एक मायक्रॉनच्या आसपास रुंदीच्या फटींतून स्वतःला ओढून काढावे लागते. जी पेशी लवत नाही ती तिथेच अडकते आणि खाल्ली जाते. हे लवचीकपण पटलाच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या जाळीतून येते. जाळीचे लांब धागे स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाचे असतात. पूर्ण ताणला तर एक धागा २०० नॅनोमीटर भरतो, एरवी पेशीत तो आखडून निम्म्याहून कमी जागेत बसतो. हे धागे जिथे एकत्र येतात त्या प्रत्येक सांध्यात ॲक्टिनचा एक अगदी आखूड तंतू असतो. इतर बहुतेक पेशींत ॲक्टिनचे तंतू मनमानी लांबीचे असतात, इथे मात्र प्रत्येक तंतू साधारण १४ गोळ्यांचा, जेमतेम ३७ नॅनोमीटरचा. त्याला सहाएक स्पेक्ट्रिन धरतात, म्हणून जाळीची मांडणी षट्कोनी होते. एका पेशीत असे तीसेक हजार सांधे असतात, म्हणजे ॲक्टिनचे चार लाखांवर गोळे, आणि सगळे जवळपास एकाच मापाने कापल्यासारखे.

हे माप कोण राखते? तंतूच्या एका टोकावर ॲड्युसिन बसते आणि त्याची वाढ रोखते. दुसऱ्या टोकावर ट्रोपोमोड्युलिन बसते. अमेरिकेत व्हेलिया फाउलर यांनी ते १९८७ साली शोधले. तंतूच्या अंगालगत ट्रोपोमायोसिन पसरलेले असते आणि त्याची लांबी तंतूच्या लांबीशी जुळते. स्पेक्ट्रिनच्या डोक्यावर ॲक्टिन पकडणारा एक जोडभाग आहे. असाच जोडभाग अल्फा-ॲक्टिनिन, फिलॅमिन आणि स्नायूतल्या डिस्ट्रोफिन या प्रथिनांतही असतो. (डिस्ट्रोफिन नसले की डुशेन नावाचा स्नायूक्षय होतो आणि मुले शाळकरी वयात चालणे गमावतात, एकाच घडणीचा हा भाग शरीरात किती ठिकाणी भार पेलतो ते यावरून दिसते.) पण स्पेक्ट्रिनची ॲक्टिनवरची पकड मुळात दुबळी असते. १९७९ साली असे दिसून आले की प्रथिन ४.१ या तिसऱ्या प्रथिनाने साथ दिली तरच ती पकड पक्की होते. मला या रचनेतली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पकड मुद्दाम दुबळी ठेवलेली आहे, आणि तिला आवळणारे प्रथिन वेगळे आहे. त्यामुळे पेशी फटीतून जाताना सांधे ढिले पडू शकतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा घट्ट होऊ शकतात. हा सांगाडा टिकतो तो सुटण्याच्या सोयीमुळे. २०१८ साली फाउलर यांच्याच गटाने दाखवले की या जाळीतल्या ॲक्टिनला मायोसिनही धरते आणि पेशीचा दोन्ही बाजूंनी दबलेला आकार राखायला ओढ देते. म्हणजे जिला आपण निपचित पिशवी समजत होतो ती आतून ताण राखून असते.

सांगाडा एकटा बिघडला तर आजार होतो का, हे पाहायला निसर्गानेच प्रयोग करून ठेवले आहेत. वंशागत गोलपेशीविकारात हिमोग्लोबिन निर्दोष असते. जाळी पटलाला बांधणारे ॲन्किरिन, स्पेक्ट्रिन किंवा त्यांच्या सोबतच्या प्रथिनांपैकी एखादे कमी पडते. पटल जाळीपासून सुटत जाते, पेशी चेंडूसारखी गोल होते, प्लीहेच्या फटीत अडकते आणि मरते. रुग्णाला कावीळ, रक्तक्षय, पित्ताशयात खडे असा त्रास होतो. कित्येकांना प्लीहा काढल्यावरच बरे वाटते. वंशागत लंबपेशीविकारात स्पेक्ट्रिनच्या जोडणीत किंवा प्रथिन ४.१ मध्ये खोट असते आणि पेशी एकदा ताणली की पूर्ववत होत नाही. हिमोग्लोबिन चोख असूनही रक्त झिजते, तर हिमोग्लोबिन सदोष असताना सांगाड्याला काही होत नसेल असे मानायला आधार काय?

आणि आधार उलट बाजूने मिळाला. सिकल हिमोग्लोबिन नुसते चिकट नाही, अस्थिरही आहे. ते मोडताना त्यातले लोह सुटते आणि पटलाच्या आतल्या बाजूला साचून आजूबाजूच्या प्रथिनांना गंजवते. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतले स्टीव्हन गुडमन आणि त्यांचे सहकारी यांनी कायम वाकड्या राहणाऱ्या पेशींतले ॲक्टिन तपासले. त्यांना आढळले की ॲक्टिनच्या गोळ्यातल्या २८४ आणि ३७३ क्रमांकाच्या दोन सिस्टीन अमिनो आम्लांमध्ये गंधकाचा एक जादा बंध तयार झाला आहे. निरोगी पेशीत तो नसतो. या बंधामुळे ॲक्टिनचे तंतू सुटायला वेळ लावतात, स्पेक्ट्रिन, ४.१ आणि ॲक्टिन यांचा सांधा जिथे ढिला व्हायला हवा तिथे घट्टच राहतो. आता चित्र जुळते. पेशी वाकते तेव्हा जाळीही वाकते, सांधे नव्या ठिकाणी बसतात. प्राणवायू परत आल्यावर ते सुटून जुन्या जागी यायला हवेत, पण सुटण्याची सोय गेलेली असते. असे वाकणे आणि सरळ होणे पुन्हा पुन्हा घडत गेले की एका फेरीत आकार गोठतो. निरोगी पेशी १२० दिवस जगते. सिकल पेशी १० ते २० दिवस.

यावर जाणकार वाचक आक्षेप घेईल की मूळ कारण तर हिमोग्लोबिनच राहिले ना? सांगाड्याची हानी हा पुढचा परिणाम. तो दुरुस्त करून काय साधणार? मूळ कारणाबद्दल वाद नाहीच. पण आजाराची गुंतागुंत पाहा. सगळ्या एसएस रुग्णांत बदल तोच, एका अमिनो आम्लाचा. तरी एकाला महिन्याला इस्पितळ गाठावे लागते आणि दुसरा तिशीपर्यंत शेतात काम करतो. या फरकातला मोठा भाग गर्भावस्थेतले, सिकलच्या धाग्यांत न गुंतणारे हिमोग्लोबिन किती उरले आहे यावरून समजतो, पण सगळा नव्हे. मूळ कारण सारखे असून परिणाम वेगळे असतील तर मधल्या पायऱ्या तपासाव्याच लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कायम वाकड्या पेशींची संख्या आणि वेदनेचे झटके यांचा थेट मेळ बसत नाही. ती संख्या रक्त किती वेगाने झिजते याच्याशी जुळते. तसेच गंज रोखणाऱ्या औषधांनी अपेक्षेइतके फळ दिले नाही. एन-ॲसिटिल सिस्टीनवर सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत आशा दिसली, पण पुढच्या मोठ्या चाचणीत वेदनेचे दिवस कमी झाले नाहीत. एल-ग्लुटामिनला २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, तरी त्याचा लाभ माफकच आहे. हे मी नाकारत नाही. यातून इतकेच ठरते की वेदनेचे झटके आणि रक्ताची झीज या एकाच आजाराच्या दोन वाटा आहेत, आणि सांगाडा दुसऱ्या वाटेवर भारी आहे. रक्ताची सततची झीज लहान बाब नाही. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या आकसवते, फुप्फुसांवर आणि मूत्रपिंडांवर वर्षानुवर्षे ताण टाकते. झटका आला की घर जागे होते, पण ही झीज मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

आता सांगाड्याची दुसरी बाजू. इतका घातक बदल आपल्या भागातल्या गोंडांमध्ये आणि विदर्भातल्या इतरही अनेक समाजांत का टिकला? जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली थॅलेसेमियाबद्दल सुचवले होते की असे विकार हिवतापापासून संरक्षण देत असावेत. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या वाहकांबाबत ते दाखवून दिले. ज्याच्या एका जनुकात दोष आहे आणि दुसरे चांगले आहे, तो एएस वाहक, त्याला फॅल्सिपेरम या घातक प्रकारचा हिवताप जीवघेण्या थराला जाण्याची शक्यता कितीतरी कमी असते. सातपुड्याच्या जंगलपट्ट्यात शतकानुशतके हिवताप ठाण मांडून होता, तेव्हा हे संरक्षण म्हणजे लेकरू वाचणे की जाणे एवढा फरक होता. पण बारकाईने पाहिले तर यात एक कोडे आहे. वाहकाला हिवतापाची लागण होते. परजीवी त्याच्या पेशीत शिरतो, वाढतोही. लागण होऊनही जिवावर बेतत नाही, म्हणजे संरक्षण शिरकावानंतरच्या एखाद्या पायरीवर असले पाहिजे.

ती पायरी कोणती हे २०११ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे मारेक सिरक्लाफ, मिखाएल लान्झर आणि सहकाऱ्यांनी गोठवलेल्या पेशींच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चित्रांतून दाखवले. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरल्यावर एक विलक्षण काम करतो: तो पेशीच्या जाळीतले ॲक्टिन उपसतो. ज्या आखूड तंतूंवर पेशीचा सगळा सांगाडा बेतलेला, तेच सोडवून त्यांचे लांब, फांद्या फुटलेले नवे तंतू बांधतो. या तंतूंवरून तो आपल्याकडची चिकट प्रथिने पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचवतो आणि तिथे त्यांचे उंचवटे तयार होतात. अशा पेशी मग रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसतात, त्यामुळे प्लीहेपासून वाचतात, आणि मेंदूच्या बारीक वाहिन्यांत साचल्या तर रोगी बेशुद्ध होऊन दगावतो. फॅल्सिपेरमचे खरे भय या चिकटण्यात आहे. सिकल हिमोग्लोबिन आणि पश्चिम आफ्रिकेत आढळणारे सी हिमोग्लोबिन असलेल्या पेशींत मात्र परजीवीचे हे बांधकाम फसते. तंतू आखूड राहतात, विस्कटतात, मालवाहतूक अडते. संशोधकांनी नळीतल्या प्रयोगातही दाखवले की गंजलेले हिमोग्लोबिन ॲक्टिनची जुळणी बिघडवते. जे गंजणे रुग्णाची पेशी मारते, तेच वाहकाच्या पेशीत सौम्य प्रमाणात राहून परजीवीचे हात बांधते. तंतू तोच असून त्याच्या बांधणीतला बिघाड एकाच्या जिवावर उठतो आणि दुसऱ्याला वाचवतो, यातला विरोध मला अजूनही थक्क करतो.

हेच एकमेव स्पष्टीकरण आहे असा दावा मात्र करता येणार नाही. वाहकाच्या पेशीत प्राणवायू कमी झाला की परजीवीची वाढ मंदावते, लागण झालेली पेशी वाकून लवकर गिळली जाते, प्रतिकारशक्तीही वेगळी वागते. या सगळ्यांचे पुरावे आहेत. पण वाहकाला लागण होऊनही तो मरत का नाही, हा प्रश्न जसा मांडला तसा त्याला नेमके उत्तर चिकटण्याच्या पायरीवर मिळते, आणि ती पायरी ॲक्टिनवर उभी आहे. इतर कारणे तिला पूरक आहेत, तिची जागा घेत नाहीत. इथे एक धोक्याचा इशारा द्यायलाच हवा, कारण गैरसमज खेड्यापाड्यांत फिरतो. हे संरक्षण एएस वाहकाला आहे, एसएस रुग्णाला नाही. रुग्णाला हिवताप झाला तर आधीच झिजलेले रक्त झपाट्याने खालावते आणि जीव धोक्यात येतो. एसएस मुलाला ताप आला तर ‘सिकल असलेल्याला हिवताप होत नाही’ असे म्हणून घरी थांबणे घातक आहे.

या सगळ्याचा बोरगाव, सौंसर, पांढुर्ण्याच्या माणसाला उपयोग काय? हायड्रॉक्सियुरिया हे आज उपलब्ध असलेले स्वस्त आणि भरवशाचे औषध. ते गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे उपाय हिमोग्लोबिनवरच आहे. पण ते रोज, दुखत नसतानाही का घ्यायचे, हे रुग्णाला सांगाड्यावरूनच नीट कळते. औषध चालू असते तेव्हा पेशी वाकण्याच्या फेऱ्या कमी होतात, सांधे कमी गंजतात, पेशी जास्त दिवस जगते. बरे वाटते म्हणून ते बंद केले तर झटका येण्याआधीच झीज सुरू होते. भरपूर पाणी पिणे, थंडी आणि अतिश्रम टाळणे, तापाला लगेच उपचार घेणे या डॉक्टरांच्या नेहमीच्या सूचनांमागेही कारण हेच: पेशीतले पाणी कमी झाले, किंवा प्राणवायू कमी पडला, की वाकण्याची फेरी सुरू होते. आपल्याकडच्या सिकलसेलबद्दल एक सोयीस्कर समजूत आहे की भारतातल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असल्याने आजार सौम्य असतो. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत मात्र मध्य भारतातल्या कित्येक मुलांना वारंवार झटके येतात, रक्त चढवावे लागते, असे दिसले. संरक्षक हिमोग्लोबिन जास्त असूनही हे का घडते, याचे उत्तर हिमोग्लोबिन मोजून मिळणार नाही. पेशीचा सांगाडा, त्याची लवचीकता, ॲक्टिनच्या सांध्यांची स्थिती आपल्याच रुग्णांच्या रक्तात तपासावी लागेल. नागपूरच्या आणि जबलपूरच्या प्रयोगशाळांना हे अशक्य नाही, आणि रक्ताचे नमुने तर निर्मूलन मोहिमेत गावोगाव गोळा होतच आहेत. सात कोटी तपासण्यांतून फक्त एएस आणि एसएस एवढेच शिक्के मारून थांबलो तर मोठी संधी दवडली जाईल.

तोपर्यंत वाचकाने करण्यासारखे एक काम आहे. आपला अहवाल एए (दोष नसलेला) आहे, एएस की एसएस, हे एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या आणि लग्न ठरण्याआधी दोन्ही घरांनी तो एकमेकांना दाखवा. दोन्हीकडे एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, आणि समुपदेशनासाठी तालुक्याच्या रुग्णालयात विचारता येते. घरात एसएस रुग्ण असेल तर त्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.